हातभट्टी (खानदेश)

घरगुती वापरासाठी किंवा गावापुरत्या विक्रीसाठी अल्प प्रमाणात मद्य तयार करण्याची साधी, हाताने चालविलेली भट्टी. तीत तयार होणाऱ्या मद्यालाही व्यवहारात ‘हातभट्टी’ किंवा ‘हातभट्टीची’ असेच म्हणतात. आज हा शब्द बेकायदा दारू या एकाच अर्थाने रूढ आहे. तथापि खानदेशातील भिल्ल, पावरा इ. समाजांत मोहाच्या फुलांपासून घरी मद्य गाळण्याची प्रथा या कायद्यांहून पुष्कळ जुनी असून तिला गुन्ह्याचे रूप प्रथम एकोणिसाव्या शतकातील महसुली कायद्यांनी दिले. दारूबंदीचा नैतिक विचार कायद्यात त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उतरला. हा क्रम ध्यानात घेतल्याखेरीज या प्रदेशातील दारूच्या प्रश्नाचा नीट उलगडा होत नाही.

प्रदेश : खानदेश हा तापी खोऱ्यातील जुना जिल्हा. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे भाग अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला. हातभट्टीच्या दृष्टीने या प्रदेशाचे दोन विभाग पडतात. उत्तरेकडील सातपुड्यात आणि पश्चिमेकडील डोंगराळ भागात मोहाची झाडे विपुल असून तेथे मोहाचे मद्य हेच परंपरागत पेय होय. तापीच्या दक्षिणेस पारोळा, अमळनेर, एरंडोल हा काळ्या जमिनीचा, कापूस व ज्वारी पिकविणारा सपाट पट्टा आहे. येथे मोह विरळ आहे. धुळे–जळगाव मार्गावरील पारोळा हे अठराव्या शतकातील भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले बाजारपेठेचे गाव या पट्ट्याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. अशा सपाटीवरील गावांत घरच्या मोहाच्या भट्टीपेक्षा विकतची दारू आणि पुढील काळात गुळापासून गाळलेली दारू यांचाच संबंध लोकांच्या जीवनाशी अधिक आला.

कच्चा माल व किण्वन : कोणत्याही मद्याच्या मुळाशी किण्वनाची क्रिया असते. यीस्ट हे सूक्ष्म कवक साखरेचे विघटन करते व त्यातून अल्कोहॉल आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. बिअर ज्या धान्यापासून करतात त्यात साखर नसून स्टार्च असतो. म्हणून सातू प्रथम भिजवून त्याला मोड आणावे लागतात, ते वाळवून भरडावे लागतात आणि गरम पाण्यात ठेवून स्टार्चची साखर करून घ्यावी लागते. त्यानंतरच यीस्ट आपले काम करू शकते. हिमालयातील छांग किंवा झारखंड व ओडिशातील तांदळाची हंडिया या घरगुती पेयांतही धान्यातील स्टार्च फोडण्यासाठी विशिष्ट किण्व वापरावे लागते. मोहाच्या बाबतीत ही पहिली पायरीच लागत नाही. त्याच्या वाळलेल्या फुलांत वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते व ती यीस्टला थेट उपलब्ध होते. फुले पाण्यात भिजत घातली की फुलांवरील व मडक्याच्या अंगातील यीस्टमुळे किण्वन आपोआप सुरू होते. मोहाच्या प्रदेशात घरोघरी भट्टी शक्य झाली, याचे मुख्य कारण हे होय.

मोह (कुल सॅपोटेसी) हा मोठा पानझडी वृक्ष मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. मांसल, फिकट पिवळसर फुले रात्रीतून व पहाटे गळतात. स्त्रिया व मुले झाडाखालची जमीन आधी झाडून स्वच्छ ठेवतात आणि उजाडताच फुले वेचतात. उन्हात वाळविल्यावर ती लालसर तपकिरी होतात व वर्षभर टिकतात. ही फुले केवळ मद्यासाठी नसतात. भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून ती खाल्ली जातात. दुष्काळात पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह त्यांवर झाला आहे. गुरांनाही ती चारतात व बियांचे तेल काढतात. मोहाची फुले एकाच वेळी अन्न, चारा, विक्रीचा माल आणि मद्याचे साधन असल्यामुळे त्यांवर घातलेला कोणताही निर्बंध घरातील चुलीपर्यंत पोहोचतो.

भट्टीची मांडणी : वाळलेली फुले मातीच्या मोठ्या मडक्यात पाण्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत व थंडीत त्याहून अधिक दिवसांत रस आंबतो. पूर्वीच्या खेपेचा थोडा गाळ विरजणासारखा घातल्यास क्रिया लवकर सुरू होते. फेस ओसरला, बुडबुडे थांबले व फुले तळाशी बसली म्हणजे रस तयार झाला असे समजतात. या अवस्थेतील आंबट-गोडसर रसाचे बिअरशी साम्य असले, तरी खानदेशात तो सहसा तसाच न पिता गाळला जातो.

गाळण्याची क्रिया म्हणजे ऊर्ध्वपातन होय. अल्कोहॉल सु. ७८° से. तापमानास व पाणी १००° से. तापमानास उकळते. त्यामुळे मंद आचेवर आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहॉलचे प्रमाण अधिक असते. भट्टीचे दोन प्रकार सर्वसाधारणपणे आढळतात. पहिल्यात चुलीवरील मडक्याच्या तोंडावर तळाला भोके असलेले दुसरे मडके बसवितात, त्याच्या आत एक लहान भांडे ठेवतात आणि सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले पसरट भांडे ठेवतात. वाफ या भांड्याच्या थंड तळाला लागून थेंबाथेंबाने आतील भांड्यात पडते. दुसऱ्या प्रकारात मडक्याच्या तोंडापासून बांबूची किंवा धातूची नळी काढून ती पाण्यात बुडवून ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडतात. सर्व सांधे चिंध्या व ओल्या मातीने लिंपून बंद करतात. वरचे पाणी तापले की ते बदलावे लागते. पाणी किती वेळा बदलले यावरून मद्याचा कडकपणा ठरविण्याची रीत आहे. पहिले पाणी बदलेपर्यंत उतरते ती ‘पहिल्या धारेची’. ती सर्वांत कडक असते व आगीवर टाकल्यास पेट घेते. नंतरची धार उत्तरोत्तर पाणीदार होते.

या साऱ्या मांडणीत विकत घ्यावी लागणारी वस्तू जवळजवळ नसते. मडकी, माती, बांबू, सरपण व वाहते पाणी ही सर्व गावातलीच. ओढ्याकाठी भट्टी लावण्याचे मूळ कारण थंड पाण्याची सोय हे होते. आडोसा शोधण्याची गरज नंतर निर्माण झाली. जंगलातील फुले वेचणे, ती वाळविणे, रस लावणे आणि आच सांभाळणे ही कामे बव्हंशी स्त्रियांकडे असत.

सामाजिक स्थान : भिल्ल व पावरा समाजांत मोहाचे मद्य हे विधीचे अंग आहे. देवाला व पितरांना प्रथम मद्याची धार वाहिल्याशिवाय इतरांनी ते घेऊ नये, असा संकेत आहे. होळी, वाघदेवाची पूजा, इंदल यांसारखे उत्सव, लग्नाची बोलणी व देजाची निश्चिती, मृताचे दिवस आणि पंचांपुढील तडजोड या प्रसंगी मद्य लागते. भांडण मिटले याची खूण दोन्ही पक्षांनी एकत्र मद्य घेण्याने पटते. घरचे मद्य प्रसंगापुरते गाळले जाई, फुलांच्या साठ्यावर त्याची मर्यादा पडे आणि ते उधारीवर घ्यावे लागत नसे. म्हणून अतिरेक होतच नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु पिणारा मनुष्य दुकानदाराच्या वहीत अडकत नव्हता, एवढे निश्चित.

घरगुती मद्यनिर्मितीला मर्यादित मोकळीक देण्याची कल्पना भारतीय राजनीतीला नवीन नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मद्याची निर्मिती व विक्री राज्याच्या नियंत्रणाखाली ठेवलेली आहे. मात्र कुटुंबांना मंगल प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मुभा असून उत्सव, समाज व यात्रा यांसाठी चार दिवसांची विशेष सवलत सांगितली आहे. राज्याचा महसूल आणि घरचा प्रसंग यांत तेथे भेद केलेला दिसतो.

अबकारी पद्धती : १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. प्रारंभी मुंबई इलाख्यात दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्याने देण्यात येई. मक्तेदार गावोगावी लहान भट्ट्या चालवीत आणि दुर्गम भागातील घरगुती भट्ट्यांकडे प्रायः कानाडोळा होई. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने ही स्थिती पालटली. परवान्यावाचून मद्य गाळणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरला. दारू मध्यवर्ती भट्ट्यांत सरकारी देखरेखीखाली गाळून तिच्या कडकपणानुसार गॅलनवर कर घ्यावयाचा आणि ती परवानाधारक दुकानांतूनच विकावयाची, अशी पद्धत इलाख्यात क्रमाने रूढ करण्यात आली. कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल मिळविणे, असे या धोरणाचे समर्थन केले जाई. शेतसाऱ्याच्या खालोखाल अबकारीचे उत्पन्न महत्त्वाचे ठरले. सेवन घटले की महसूल घटणार, ही अडचण मात्र धोरणात कायम राहिली.

या बदलाची झळ मोहाच्या प्रदेशाला सर्वाधिक लागली. परवान्याच्या दारूवर कर, गाळणावळ, वाहतूक व दुकानदाराचा नफा यांचा भार असल्याने ती घरच्या मद्याहून महाग पडे. तेव्हा घरी गाळणे थांबविण्यासाठी कच्च्या मालावरच नियंत्रण आणण्याची कल्पना पुढे आली. १८९२ च्या मोहविषयक अधिनियमाने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणे, विकणे व नेणे यांवर निर्बंध घालण्यात आले. जे फूल दुष्काळात अन्न होते, ते परवान्यावाचून घरात ठेवणे या जिल्ह्यांत अपराध झाला.

परिणामी आदिवासी शेतकऱ्याच्या जीवनात दारूचा गुत्ता आणि दुकानदार यांचा प्रवेश झाला. ठाणे, सुरत व लगतच्या डोंगराळ भागांत दारूचे दुकानदार हेच सावकारी करीत व कर्जाच्या वसुलीत जमिनी मिळवीत, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी आला. घरच्या मडक्यातील मद्य रोख पैशाने किंवा उधारीने घेण्याची वस्तू बनले. शहरी समाजातही या पद्धतीविरुद्ध आवाज उठला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे दारूच्या दुकानांच्या वाढीबद्दल लेखी तक्रार केली, तर १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले.

वर्जनाच्या चळवळी : आदिवासींनी या परिस्थितीला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. १९२२ मध्ये पालघर किनाऱ्याकडील कोळी समाजात सुरू झालेली देवीची चळवळ नासिकच्या डोंगराळ भागातून डांग व दक्षिण गुजरातेत पसरली. अंगात देवी आलेली माणसे दारू, ताडी व मांस सोडण्याचा, रोज स्नान करण्याचा व दारू विक्रेत्यांकडे मजुरी न करण्याचा आदेश देत. थोड्याच काळात असंख्य कुटुंबांनी मद्य वर्ज्य केले. पुढे त्यांतील बरेच लोक पुन्हा जुन्या रीतीकडे वळले, तरी दारू सोडणे हा दुकानदाराच्या पाशातून सुटण्याचा मार्ग आहे, ही जाणीव मागे राहिली.

खानदेशात हीच जाणीव गुला महाराजांच्या चळवळीत दिसते. पश्चिम खानदेशातील तळोदे तालुक्यातील मोरवड येथील या भिल्ल संताने १९३७-३८ च्या सुमारास मद्यत्याग, स्वच्छता, स्नान व सदाचार यांचा उपदेश केला. ‘आप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या आरतीला सातपुड्यातून हजारो लोक जमत आणि दारू सोडल्याची शपथ घेत. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालविले. [→ भिल्ल]. येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. अबकारी खात्याने घरची भट्टी बंद पाडली ती महसुलासाठी. गुला महाराजांच्या अनुयायांनी मद्य सोडले ते स्वतःच्या उद्धारासाठी. दोहोंचा परिणाम वरकरणी सारखा दिसला, तरी पहिल्यात हक्क हिरावला गेला आणि दुसऱ्यात तो स्वेच्छेने सोडला गेला.

दारूबंदी व नंतरचा काळ : मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३८-३९ मध्ये दारूबंदीस प्रारंभ केला, १ ऑगस्ट १९३९ रोजी ती मुंबई शहरात लागू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम संमत होऊन ६ एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. या अधिनियमाने मद्य गाळणेच नव्हे, तर गाळण्यासाठी लागणारा रस व उपकरणे बाळगणे हाही गुन्हा ठरविला आणि मोहाच्या फुलांवर नियंत्रण ठेवले. परवान्याची दुकाने बंद झाली. पण मागणी उरली. ती भागविण्यासाठी सपाटीवरील गावांत व शहरांच्या कडेला व्यापारी हातभट्टी वाढली. तिचा कच्चा माल काळा गूळ हा होता व किण्वन लवकर व्हावे म्हणून त्यात नवसागर घालीत. मातीच्या मडक्याची जागा पत्र्याच्या पिंपाने आणि घरच्या स्त्रीची जागा हप्ते देऊन धंदा करणाऱ्याने घेतली. हातभट्टी हा शब्द बदनाम झाला तो या काळात.

१९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात दारूबंदी सैल करण्यात आली आणि महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३ यांनुसार देशी दारूची निर्मिती व विक्री परवान्याखाली सुरू झाली. मळी हा तिचा मुख्य कच्चा माल असून ती मोठ्या कारखान्यांत तयार होते. अशा रीतीने दारू पिणे पुन्हा वैध झाले; घरी गाळणे मात्र अवैधच राहिले.

याच सुमारास शहादे भागात (त्या वेळी धुळे जिल्हा) या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेत सालदार व शेतमजूर आदिवासी संघटित झाले होते. १९७३ च्या सुमारास या संघटनेतील स्त्रियांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडण्याची मोहीम काढली. मजुरीचे पैसे दारूत जातात आणि पिऊन आलेला नवरा मारहाण करतो, ही त्यांची तक्रार होती. परंपरेने मद्य गाळण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्याच स्त्रियांनी ते मडके फोडावे, यावरून मद्याचे घरातील स्थान किती बदलले होते, हे कळून येते. विधीसाठी प्रसंगापुरते गाळलेले मद्य आणि रोजच्या मजुरीवर डोळा ठेवून विकलेली दारू यांतील अंतर त्यांनी प्रत्यक्ष भोगले होते.

हातभट्टीच्या दारूने विषबाधा होते असा सार्वत्रिक समज आहे. मोहाच्या किंवा गुळाच्या किण्वनात मिथेनॉल अत्यल्प प्रमाणात तयार होते. मोठ्या दुर्घटना प्रायः उद्योगांसाठी तयार केलेले मिथेनॉल दारू म्हणून किंवा दारूत मिसळून विकल्यामुळे घडल्या आहेत. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, ती अशाच विषारी द्रवाने. अर्थात घरच्या मद्याचे आरोग्यावरील व कुटुंबावरील इतर परिणाम यामुळे नाहीसे होत नाहीत.

तुलना : एकच भट्टी निरनिराळ्या राज्यांत निरनिराळ्या दृष्टीने पाहिली जाते. चोपडा, यावल, रावेर व शिरपूर या तालुक्यांची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागते आणि सातपुड्याच्या दोन्ही अंगांना पावरा-बारेला व भिल्ल समाजाची वस्ती असून त्यांत परस्पर सोयरीक आहे. मध्य प्रदेशाच्या अबकारी कायद्यात अनुसूचित जमातींना घरगुती व सामाजिक वापरासाठी ठराविक मर्यादेत मोहाचे मद्य गाळण्याची सवलत आहे. छत्तीसगढातही तशी ती आहे. म्हणजे सातपुड्याच्या पलीकडील सोयऱ्याच्या घरी जे मडके नियमानुसार चालते, तेच अलीकडे जप्त होऊ शकते. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून ‘भाण’ या भांड्यातून हुर्राक व फेणी गाळण्याच्या लहान भट्ट्या परवान्याखाली टिकून राहिल्या. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक उपदर्शन मिळाले व २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. परदेशांत घरगुती बिअरला मोकळीक मिळाली तीही अलीकडेच : ग्रेट ब्रिटनमध्ये तिच्यासाठी परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७८ च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन व कुटुंबाला २०० गॅलन बिअर घरी करण्याची मुभा दिली. या देशांत घरगुती ऊर्ध्वपातनास मात्र अद्याप परवानगी नाही.

सद्यःस्थिती : १९४९ च्या अधिनियमाचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. १९९६ च्या पेसा अधिनियमाने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा अथवा नियमन करण्याचा अधिकार दिला; महाराष्ट्राचे त्याविषयीचे नियम २०१४ मध्ये झाले. सातपुड्यातील खानदेशाचा मोठा भाग या क्षेत्रात मोडतो, पारोळ्याचा पट्टा मोडत नाही. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. त्यामुळे फुले वेचणारी स्त्री माल पडत्या भावात लगेच न विकता घरात ठेवू शकते आणि त्यांपासून खाद्यपदार्थ करून विकू शकते. त्याच फुलांचे मद्य घरी गाळणे मात्र राज्यात आजही परवान्यावाचून गुन्हाच आहे. फूल पुन्हा घरात आले. भट्टीविषयीचा निर्णय महसुलाच्या, आरोग्याच्या की ग्रामसभेच्या निकषावर घ्यावयाचा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.